हिरवंच भरीत, लाल ग्रेव्हीशिवाय

महामार्गावरच्या बऱ्याच ढाब्यांवर शेवभाजी, पनीर आणि आता भरीतसुद्धा एकाच पातेल्यातून निघतं. कांदा, टोमॅटो, काजू नि मगज यांची लाल ग्रेव्ही सकाळीच शिजवून ठेवली की कुठलीही प्लेट पाच मिनिटांत जाते. धंद्याला ते सोयीचं, पण भरताची चव ग्रेव्हीत नसतेच. ती वांग्यात आणि जाळात असते.

आठ जणांना दोन किलो वांगी लागतात. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिरवं, पांढरट रेघांचं, मोठं नि कमी बियांचं हे वांगं थंडीत उत्तम. आकाराच्या मानाने हलकं लागेल ते घ्यावं. जड निघालं तर आत बिया भरल्यात असं समजा. जांभळं वांगं चालतं, पण रंग काळपट येतो.

वांग्याला सुरीने चार-पाच ठिकाणी टोचा, नाहीतर आतल्या वाफेने फुटतं. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ करा. गॅसवर भाजता येतं, धुराचा वास मात्र येत नाही. देठाला धरून फिरवत राहा. साल पूर्ण काळी पडली तरी देठाजवळ बोटाने दाबून बघा, कच्चेपणा तिथेच राहतो. भाजलेली वांगी दहा मिनिटं झाकून ठेवा, मग सोला. नळाखाली धुवायची नाहीत! धूर पाण्याबरोबर जातो.

वांगी लाकडी भांड्यात ठेचा. मिक्सरमध्ये गर चिकट होतो. पंधरा-वीस हिरव्या मिरच्या आणि दोन गड्ड्या लसूण भाजून जाडसर कुटा.

दीड वाटी तेलात मोहरी-जिरं, मूठभर शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मग कुटलेली मिरची-लसूण. त्यावर पाव किलो कांद्याची पात अर्धा मिनिट, पाठोपाठ भरीत. पात जास्त परतली की हिरवा रंग गेलाच. मीठ शेवटी घाला, आधी घातलं तर पाणी सुटतं. हळद नको, टोमॅटो तर नकोच. त्याच्या आंबटपणात धूर हरवतो. वरून भरपूर कोथिंबीर.

सोबत कळण्याची पुरी. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीचे काळे उडीद, मीठ घालूनच दळून आणा. उडदाच्या चिकटपणामुळे पुरी लाटता येते. पीठ गरम पाण्याने घट्ट मळा. सैल झालं तर पुरी तेल पिते.