मे महिन्यात बीचवर जायचंय? गाव ठरवायच्या आधी कालनिर्णय उघडा

परीक्षा संपल्या रे संपल्या की सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न येतो, मे मध्ये समुद्रावर कुठे जावं, आणि लगेच दहा जण दहा नावं टाकून मोकळे, कोणी तारकर्ली कोणी काशीद कोणी गोवा, पण सोबत कोण आहे ते कोणी विचारत नाही. गुडघे दुखणारी आजी आहे का, पाचवीतली पोरं आहेत का, पाण्यात उतरायचंय की नुसतं सुरूच्या सावलीत लोळायचंय, मासे खाणारे किती आणि नाकं मुरडणारे किती. आपला किनारा सातशेहून जास्त किलोमीटरचा आहे हो, बोर्डीचा समुद्र वेगळा आणि शिरोड्याचा वेगळा. तर मी कसं ठरवतो ते सांगतो, पटलं तर बघा.

पहिले तारीख, गाव नंतर. मे चे पहिले दोन आठवडे सगळ्यात बरे, 20 तारखेच्या आत घरी परत आलेलं उत्तम. शेवटच्या आठवड्यात समुद्र खवळायला लागतो, वारा फिरतो, आणि साधारण 26 मे पासून 31 ऑगस्टपर्यंत बोटिंग, स्कूबा, पॅरासेलिंग सगळं बंद, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही थांबतात, म्हणजे मालवणला जाऊन किल्ला लांबूनच बघायचा. 2021 ला तौक्ते वादळ मे च्या मध्यातच आलं होतं आणि 2025 ला तर पाऊस 26 मे लाच मुंबईत हजर, त्यामुळे "पाऊस काय सात जूनला येतो" यावर विसंबून शेवटच्या आठवड्याचं बुकिंग करू नका. स्वस्त मिळतं, पण का मिळतं ते कळलं ना आता.

आता तिथी. हे बहुतेक लोक बघतच नाहीत आणि मग संध्याकाळी पाच वाजता बीचवर जाऊन म्हणतात अरे वाळू कुठे गेली. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ, सकाळची पण आणि रात्रीची पण. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावस्या धरायची पंधरा, तर सव्वाअकरा, मग ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, मुंबईकडे जरा उशिरा, पण प्लॅनिंगला पुरतं, नेमकी वेळ पाहिजे तर मोबाईलवर टाईड टेबल मिळतं.

याचा उपयोग काय तर पाण्यात उतरायचं ते भरती चढत असताना, ओहोटीला पाणी आत ओढतं. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर सकाळी सात ते दहा पाणी चढतं असतं, ऊनही कोवळं, पोरांना तेव्हा डुंबू द्या, आणि संध्याकाळी ओहोटीला मोठ्ठी ओली वाळू मिळते, त्यावर क्रिकेट खेळा, शंख-शिंपले वेचा, पण पाणी घोट्याच्या वर नको, कारण उधाणाचे दिवस असतात, ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही, ओढ कमी, आणि दुपारी बारानंतर भरती चढायला लागते म्हणजे चार ते सहा मस्त डुंबता येतं. ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत त्यांना मी हेच सुचवतो. सगळ्यात गैरसोयीची म्हणजे चतुर्थी-पंचमी, भरती तीन ते पावणेचारला, पाणी चढतं ते भर उन्हात आणि सगळे आंघोळीला उतरतात तेव्हा नेमकं ओसरत असतं. आणि गंमत अशी की गणपतीपुळ्याला तोबा गर्दी असते ती संकष्टीलाच, त्यात अंगारकी असली तर विचारू नका. पुळ्याचा समुद्र तसाही पोहायचा नाही, देवळासमोर बोर्ड लावलेत ते उगाच नाही. दर्शन घ्या, आरे-वारेच्या रस्त्याने जाऊन वरून समुद्र बघा, मालगुंडला केशवसुतांचं घर बघा, पण डुंबायचं गाव म्हणून पुळे निवडू नका.

उत्तरेला भरती-ओहोटीचा फरक जास्त असतो, मुंबई-अलिबागला उधाणात पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं, मालवण-वेंगुर्ल्याकडे साधारण त्याच्या निम्मंच. म्हणून बोर्डीला ओहोटीला समुद्र इतका आत जातो की चालत चालत कंटाळा येतो, अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं (परत यायची वेळ आधी विचारून घ्या, नाहीतर घोडागाडी किंवा होडी शोधत बसाल), आणि तारकर्लीला मात्र दिवसभर साधारण तेवढंच पाणी दिसतं.

मग गाव. मुंबईकरांना दोन दिवसच असतील तर अलिबाग-नागाव ठीक, भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बोटीने मांडव्याला उतरता येतं, पण शनिवार-रविवारी तिथे दादरच्या फलाटासारखी गर्दी असते हे धरून चला. काशीद फोटोत सुंदर, पण उतार एकदम आहे, दोन पावलांत कमरेएवढं पाणी, पोरं घेऊन मला तरी नको. पुण्याहून ताम्हिणीतून माणगावला उतरलात की दिवेआगर आणि श्रीवर्धन सोपं पडतं, किनारा सपाट, आजीलाही चालता येतो, मोदकांची आणि घरगुती जेवणाची सोय चांगली. जुने लोक म्हणतील सुरूचं बन पूर्वीसारखं राहिलं नाही, खरंय, 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने झाडं आणि सुपारीच्या बागा झोपवल्या. हरिहरेश्वर देवदर्शनाला, तिथली प्रदक्षिणा खडकांवरून आहे, ती ओहोटीलाच करायची.

दापोलीकडे जात असाल तर एक सांगून ठेवतो, मुरुड दोन आहेत. एक जंजिऱ्याचं, रायगड जिल्ह्यातलं, आणि एक दापोलीजवळचं कर्द्याला लागून असलेलं, आणि ऑनलाईन बुकिंग करताना लोक खरंच चुकीच्या मुरुडला पैसे भरतात. जिल्हा वाचा. मासे खाणाऱ्यांनी हर्णैजवळ राहावं, संध्याकाळी बंदरावर लिलाव असतो, बोटी लागतात, टोपल्या वाळूवर ओतल्या जातात, सुरमई पापलेट कोळंबी, बोली लागते ती आपल्याला कळेपर्यंत माल गेलेला असतो, नुसतं बघायलाही मजा. शांतता पाहिजे तर आंजर्ले, केळशी किंवा सरळ गुहागर. गुहागर माझं आवडतं, गाव आणि समुद्र यांच्यात फक्त नारळी-पोफळीची वाडी, घरातून टॉवेल खांद्यावर टाकून निघालं की पाच मिनिटांत पाणी. कऱ्हाड-साताऱ्याच्या लोकांना कुंभार्ली घाटातून चिपळूणमार्गे जवळच पडतं.

स्कूबा-बिबा करायचं असेल, चार-पाच दिवस हातात असतील तरच मालवण-तारकर्ली, आणि मे मध्ये पाण्याखाली डिसेंबरसारखं स्वच्छ दिसेल ही अपेक्षा नको. देवबागला खाडी समुद्राला मिळते तिथे पाण्याला जबरदस्त ओढ असते, संगमावर पोहायचं नाही म्हणजे नाही. गर्दीचा कंटाळा असेल तर भोगवे, निवती, नाहीतर अजून खाली शिरोडा-वेळागर. गोव्यालाच जायचा हट्ट असेल तर मोपा विमानतळावर उतरून उलटं उत्तरेला वळा, शिरोडा-वेंगुर्ला तिथून जवळ आहे आणि बिल निम्मं येतं.

रेल्वेचं तिकीट 60 दिवस आधी उघडतं आणि मे मध्ये चाकरमानी गावाला निघालेले असतात, त्यामुळे पहिल्याच सकाळी बसा, मालवणसाठी कुडाळ, गुहागरसाठी चिपळूण, दापोलीसाठी खेड. जमलं तर सोमवार ते गुरुवार जा.

खोली बुक करताना ॲपवरचे फोटो बघून समाधान मानू नका, आधी सॅटेलाईट मॅप उघडा. "बीचपासून दोन मिनिटं" म्हणणाऱ्या घरात आणि समुद्रात मध्येच खाडी असते कधीकधी, किंवा समोर नुसता काळा खडक. मग मालकाला फोन करा आणि विचारा, काका इथे पाण्याला ओढ आहे का, पोरं कुठे डुंबतात, दुपारी लाईट जाते का, इन्व्हर्टरवर पंखा चालतो का. जो माणूस पहिल्या प्रश्नाला "काही नाही हो, बिनधास्त उतरा" म्हणतो त्याच्यापेक्षा "देवळाच्या उत्तरेला जाऊ नका, इकडच्या बाजूला उतरा" म्हणणारा शंभरपट बरा, तिथेच ॲडव्हान्स टाका. थोडी कॅश ठेवा, रेंज नसली की यूपीआय गोलगोल फिरत राहतं. गाडी वाळूत उतरवायची नाही, रुतते, भरती चढते आणि मग गावातला जेसीबी म्हणेल तो भाव. आणि सुरमई की बांगडा, सोलकढी किती जणांना, हे आदल्या रात्रीच सांगून ठेवा, कारण बाजार सकाळी लवकर उठतो आणि आपण नऊला उठून मेनू विचारला की वाट्याला बटाट्याची भाजी येते.