वजनाशिवाय बेटकुळी: अवघड व्यायामांतल्या या चुका टाळा

दहा-बारा चिन-अप (तळवे स्वतःकडे ठेवून बारवर अंग वर ओढणं) सहज निघतात, पण दंड काही भरत नाहीत आणि एका हाताची चिन-अप तर कोसभर दूरच राहते. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांचा व्यायाम बहुतेक वेळा बरोबर असतो, कोपर मात्र चुकीच्या जागी असतं. अंगाच्या वजनावर काम करताना शरीर सोपी वाट शोधतं. मेहनत पाठीवर ढकलली जाते आणि बायसेप्स, म्हणजे बेटकुळीचा स्नायू, नुसता सोबतीला उरतो.

पकड पालथी ठेवणं

बायसेप्सचं खालचं टोक अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला जोडलेलं असतं. म्हणून तो कोपर वाकवतो, शिवाय पंजा उताणाही करतो. पालथ्या पंजाने, म्हणजे तळवे समोर ठेवून, पुल-अप मारली की त्याची ओढ कमी पडते आणि काम त्याच्याखालच्या ब्रेकिअॅलिस या स्नायूकडे जातं. पुल-अप चालू ठेवायला हरकत नाही, पण बेटकुळीसाठी मुख्य व्यायाम उताण्या पंजाचाच हवा. हातांमधलं अंतर खांद्यांएवढं असावं. फार जवळ धरलं तर मनगटं कुरकुरतात.

चिन-अप मानेने मारणं

हनुवटी उंचावून बारच्या वर नेली म्हणजे चिन-अप झाली असं नाही. छातीचा वरचा भाग बारकडे यायला हवा. खाली येताना कोपर पूर्ण सरळ झालं पाहिजे, पण आदळून नव्हे. वर एक सेकंद थांबा आणि उतरायला तीन ते पाच सेकंद घ्या. अशा पाच निघाल्या तरी पाय झाडत मारलेल्या बारा चिन-अपपेक्षा जास्त काम होतं.

रिंगवरच्या कर्लचं रोइंग होऊन बसणं

सगळ्यात जास्त वाया जाणारा व्यायाम हाच. रिंग (पट्ट्यांनी टांगलेल्या व्यायामाच्या कड्या) छातीच्या उंचीवर बांधा, टाचा जमिनीवर रोवून मागे झुका, हात सरळ समोर आणि तळवे वर. आता फक्त कोपर वाकवायचं आणि मुठी कपाळाकडे आणायच्या. कोपरं खांद्याच्या उंचीवरच, समोर रोखलेली राहिली पाहिजेत. ती बरगड्यांकडे घसरली की तो रोइंग (वल्हं मारल्यासारखं ओढणं) झाला, पाठीने सगळा भार उचलला. बाजूने मोबाइलवर चित्रण करून बघा. कोपर जागेवरून चार बोटांपेक्षा जास्त खाली येतंय, असं दिसलं की सेट तिथेच संपवा.

दुसरी चूक कमरेची. थकवा आला की ढुंगण मागे जातं आणि शरीराची रेघ मोडते. तसं झालं तर पाय थोडे मागे घ्या, म्हणजे अंग जास्त उभं होऊन भार हलका होईल. सहा ते आठचे तीन सेट पुरेत. दहा स्वच्छ निघू लागले की पाय एक वीत पुढे सरकवा.

पेलिकन कर्लची घाई

रिंग कमरेच्या उंचीवर ठेवा. पुशअपच्या खालच्या स्थितीसारखं, कोपरं वाकवून मुठी छातीजवळ. तिथून अंग पुढे झुकवत हात मागच्या दिशेला हळूहळू उलगडायचे आणि बायसेप्सच्या जोरावर परत यायचं. यात खांदा आणि कोपर दोन्हीकडून बायसेप्स ताणला जातो, त्यामुळे तो पूर्ण लांबीवर भार घेतो. धोकाही तिथेच आहे. रिंगवरचे दहा पुशअप आणि आधी सांगितलेली रिंगवरची कर्ल आठ वेळा स्वच्छ जमत नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका. सुरुवातीला हात अर्धेच उलगडा, चार सेकंदांत. रिंग जितकी खाली, तितकं अवघड. खांद्याच्या पुढच्या भागात टोचलं तर त्या दिवशी इथेच थांबा. आठवड्यातून दोनदा हा व्यायाम भरपूर झाला.

एका हाताची चिन-अप: दुसऱ्या हाताची फसवणूक

मोकळ्या हाताने मनगट धरून मारलेली चिन-अप दिसायला एका हाताची, प्रत्यक्षात दोन्ही हात ओढत असतात. त्याऐवजी बारवर टॉवेल टाका आणि मोकळ्या हाताने तो धरा. जसजशी ताकद येईल तसतशी टॉवेलवरची पकड खाली न्या, मदत आपोआप कमी होते.

नुसतं एका हाताने उतरणं हाही चांगला सराव आहे, पण शेवटचा तिसरा भाग धप्पकन सुटत असेल तर तयारी अपुरी आहे. उताण्या पंजावर सरळ होत चाललेल्या कोपराला बसलेला हिसका टेंडनला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) महागात पडतो. पाच सेकंदांत उतरणं जमलं तरच, प्रत्येक हाताने दोन-तीन वेळा. कमकुवत हाताने आधी सुरुवात करा. बारवर अंग गरगरत असेल तर रिंग वापरा, ती मनगटाबरोबर फिरते.

दोरी चढताना पायांचा आधार

दोरीच्या मल्लखांबात पायाच्या अंगठ्याने दोरी धरणं हे कौशल्य आहे, पण बेटकुळीसाठी चढताना पाय वापरलेत तर अर्धं काम त्यांनीच केलं. 1904च्या ऑलिंपिकमध्ये दोरी चढण्याचं सुवर्णपदक जॉर्ज आयझरने मिळवलं, तेही एक पाय लाकडी असताना. उतरताना घसरू नका, हातावर हात ठेवत या. तळहात सोलले की आठवडाभर बारही धरता येत नाही.

दुखलं तर कुठे, ते बघा

कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाजवळ दुखत असेल तर बहुधा उताण्या पकडीचा अतिरेक झालाय. दोन-तीन आठवडे चिन-अप निम्म्यावर आणा आणि पंजे समोरासमोर येतील अशी रिंगवरची पकड घ्या. स्नायू लवकर जोर धरतात, टेंडनला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून ताकद आलीय असं वाटत असतानाच हे दुखणं उपटतं. कोपराच्या पुढच्या खोबणीत दुखत असेल तर उतरण्याचा सराव पूर्ण बंद.

आणि ‘टक्’ असा आवाज येऊन कोपराजवळ काळंनिळं पडलं, बेटकुळी खांद्याकडे सरकलेली दिसली किंवा स्क्रू पिळायची ताकदच गेली, तर शेकत बसू नका, त्याच दिवशी अस्थितज्ज्ञ गाठा. टेंडन तुटलेलं असेल तर ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शिवणं सोपं जातं, उशीर झाला की ते आत आखडत जातं.