शब्दांच्या जातींचा मनोनकाशा फ्रीप्लेनमध्ये कसा करावा

शब्दांच्या आठ जाती मुलांना तोंडपाठ असतात. पण ‘घरापुढे अंगण आहे’ आणि ‘तो पुढे गेला’ या दोन वाक्यांतल्या ‘पुढे’ची जात विचारली की वर्ग गप्प होतो. यादी पाठ झाली, जातींची आपसांतली नाती राहून गेली. ती डोळ्यांपुढे मांडायला मनोनकाशा (माइंड मॅप), म्हणजे मधल्या विषयापासून फांद्या काढत केलेला आराखडा, फार उपयोगी पडतो.

असे नकाशे काढण्याचे फ्रीप्लेन हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि एकदा बसवले की इंटरनेटशिवाय चालते, त्यामुळे नेट गेले तरी तास अडत नाही. संगणकावर मराठी कळफलक आधीच चालू करून ठेवा.

नवा नकाशा उघडून मधल्या चौकटीत ‘शब्दांच्या जाती’ लिहा. टॅब दाबला की निवडलेल्या चौकटीला फांदी फुटते. शब्द लिहून झाला की एंटर दाबून तो पक्का करा; पुन्हा एंटर दाबला की शेजारी त्याच पातळीवरची नवी फांदी येते. पहिल्या फांद्या दोनच, विकारी (रूप बदलणारे शब्द) आणि अविकारी (रूप न बदलणारे). विकारीखाली नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. अविकारीखाली क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. प्रत्येकीला एक उदाहरण, तेही मुलांकडूनच घ्या. व्याख्या मात्र कोंबू नका, नाहीतर नकाशाची वही होते.

इथवर दहा मिनिटांचे काम. खरा तास आता सुरू होतो.

कंट्रोल धरून ‘सर्वनाम’ आणि ‘नाम’ या दोन चौकटी निवडा, मग कंट्रोल आणि एल दाबा. दोघांत बाण येईल. बाणावर माऊसचे उजवे बटण दाबले की शब्द लिहायला जागा मिळते. तिथे ‘ऐवजी येते’ असे लिहा. विशेषणाकडून नामाकडे ‘विशेष माहिती सांगते’. क्रियाविशेषण आणि शब्दयोगी यांना जोडणाऱ्या बाणावर मुलांनाच लिहू द्या: शब्द एकटा उभा आहे, की नामाला चिकटलाय? ‘पुढे’चे कोडे तिथे सुटते. कोणीतरी विचारेलच की ‘लाल’ कधी बदलत नाही, मग विशेषण विकारी कसे? हा प्रश्न टाळू नका. ‘काळा, काळी, काळे’ शेजारी लिहून दाखवा आणि काही विशेषणे बदलत नाहीत हे मोकळेपणाने सांगा.

बाणावर शब्द लिहिण्याची ही पद्धत संकल्पना-नकाशातून, म्हणजे संकल्पना जोडणाऱ्या रेघांवर त्यांचे नाते लिहिलेल्या नकाशातून आली. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ च्या सुमारास, मुलांना विज्ञान कितपत समजले आहे हे पाहण्यासाठी ती घडवली. नुसती रेघ ओढून समजल्याचे सोंग आणता येते, रेघेवर क्रियापद लिहायचे तर विचार करावाच लागतो.

एक चूक फार होते. पुस्तक उघडे ठेवून नकाशा काढला जातो. २०११ मध्ये कार्पिके आणि ब्लंट या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मजकूर समोर ठेवून संकल्पना-नकाशा काढणाऱ्यांपेक्षा मजकूर बाजूला ठेवून आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिले. म्हणून दुसऱ्या दिवशी नकाशा उघडताना फांदी निवडून स्पेस दाबा, तिच्या खालचे सगळे मिटते. मुलांकडून आधी वदवून घ्या, मग उघडा. आठवड्याने तोच नकाशा त्यांना कोऱ्या कागदावर काढायला सांगा आणि जे बाण राहिले ते लाल पेनाने भरायला लावा. पुढच्या तासाला त्या लाल बाणांपासूनच सुरुवात करा.