केगल करूनही लघवी गळतेय? या चुका टाळा

शिंक आली किंवा पाण्याची बादली उचलली की थेंब गळतात, म्हणून केगल, म्हणजे मूत्राशयाला खालून आधार देणारे स्नायू आवळून सैल सोडण्याचा व्यायाम, सुरू केला. महिना झाला, फरक काहीच नाही. अशा वेळी दोष बहुतेकदा व्यायामाचा नसतो, तो चुकीचा होत असतो किंवा पुरेसे दिवस झालेले नसतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे स्नायू वर ओढायचे सोडून खाली जोर लावणं. आरशात पाहिलं की हे सहज कळतं. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, छोटा आरसा धरा. गॅस अडवतो तसं गुदद्वार आवळा आणि ती पकड पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा. योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग आत, वरच्या बाजूला सरकला की जमलं. तो बाहेर फुगला तर तुम्ही कुंथताय, आणि रोज कुंथून गळती वाढू शकते. नितंब, मांड्या सैल हव्यात. श्वास रोखला जात असेल तर आकडे मोठ्यानं मोजा.

पकड 6 ते 10 सेकंद, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल. असं 8 वेळा, दिवसातून तीनदा, किमान 3 महिने. सुरुवातीला 3 सेकंदच जमले तरी चालेल. सैल सोडणं बायका हमखास गाळतात. संबंधाच्या वेळी दुखत असेल, लघवीची धार सुरू व्हायला वेळ लागत असेल, तर स्नायू कमजोर नसून आखडलेले असू शकतात. मग केगलनं त्रास वाढतो. ते थांबवून पेल्विक फ्लोअरची, म्हणजे याच स्नायूंची, तपासणी करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवा.

लघवी करताना धार मध्येच तोडून सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

ठाण्याहून पनवेल लोकल पकडायच्या आधी ‘लागली नाही, तरी जाऊन येते’, आणि मग ऑफिसपर्यंत पाण्याचा घोटही नाही! पहिल्या सवयीनं मूत्राशय थोड्याशा लघवीलाही घाई करायला शिकतं, दुसरीनं लघवी दाट होऊन चुरचुरते. दर तासाला जावं लागत असेल तर दोन खेपांमधलं अंतर दर आठवड्याला 10-15 मिनिटांनी वाढवा, 3 तासांपर्यंत. चहा मात्र मोजून.

स्नायू नुसते गादीवर कमवून उपयोग नाही, ते वेळेवर आवळायला हवेत. खोकला येण्याच्या क्षणभर आधी, घोडबंदर रोडवर रिक्षा खड्ड्यात जायच्या आधी, बादली उचलायच्या आधी. साधी युक्ती आहे, पण कामाची.

बद्धकोष्ठ असेल तर कमोडवर पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या. कुंथणं सुटलं नाही तर वरची मेहनत पाण्यात.

लघवीतून रक्त, जळजळीबरोबर ताप, किंवा लघवी अडकणं: यात व्यायामाची वाट पाहू नका, डॉक्टरांना लगेच गाठा. योनीतून काही उतरल्यासारखं, म्हणजे अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल तर वजन उचलणं कमी करून आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.