नदीतील आगबोटीचे अल्पायुष्य : प्रदर्शनासाठी तक्ता कसा करावा

कोल्हापुरातील शालेय प्रदर्शनासाठी एकोणिसाव्या शतकातील मिसिसिपी नदीच्या आगबोटींवर तक्ता करताना आरंभ बॉयलरपासून करावा, कारण साखर कारखान्यांमुळे आपल्याकडील मुलांना तो परिचित असतो. नदीचे गढूळ पाणी थेट बॉयलरमध्ये घेतले जाई, आत गाळ साचे, पत्रा अतितप्त होऊन कमकुवत होई आणि प्रसंगी स्फोट होई, हा क्रम बाणांनी दाखवावा. शेजारी १८६३ मध्ये बांधलेल्या ‘सुलताना’ची हकिकत सविस्तर लिहावी : ३७६ माणसांची परवानगी असताना दोन हजारांहून अधिक माणसे घेऊन निघालेल्या या बोटीचे बॉयलर २७ एप्रिल १८६५ रोजी मेम्फिसजवळ फुटले आणि हजारांहून अधिक जीव गेले. ही संख्या ठळक अक्षरांतच हवी. पाण्याखाली रुतलेल्या झाडावर आदळून १८५६ मध्ये मिसुरी नदीत बुडालेली, अवघी तीन वर्षांची ‘अरेबिया’ही खाली नोंदवावी.