पाळीत फार जातं? पिशवी काढायच्या आधी एवढं करून घ्या

मी बार्शीत शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, फॉल-पिको. वय 46. दोन वर्षांपूर्वी मला कापडावर खुणा करायचा खडू खावासा वाटायचा. आधी नुसता वास घ्यायचे, मग हळूच तुकडा तोंडात. त्याच काळात पाळीचे दुसरा-तिसरा दिवस मशीनच्या स्टुलावर जुनी चादर चौपदरी घालून बसायचे, कारण पॅड तासाभरात भिजायचं. हिमोग्लोबिन 7.8 आलं तेव्हा कळलं, दोन्हींचं मूळ एकच. अंगातलं लोह संपलं की खडू, माती, कच्चे तांदूळ, बर्फ खावासा वाटतो. तुम्हालाही असं होत असेल तर लाजू नका, रक्त तपासून घ्या.

माप द्यायला येणाऱ्या बायका हळूच म्हणतात, "परकर काळाच शिवा हं." मला लगेच कळतं. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

आधी नोंद ठेवा. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी जितके पॅड तितक्या रेघा मारायचे, गुठळी पडली की गोल काढायचे. दोन महिने. दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, रात्री त्यासाठी उठावं लागतं, सात दिवसांच्या पुढे जातं, दहाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गुठळ्या पडतात, त्या दिवसांत बाहेर जायची भीती वाटते, यातलं काहीही असेल तर ते उपचार घेण्याजोगं आहे. "चाळिशीनंतर असं व्हायचंच" हे ऐकून मी दीड वर्ष घालवलं. तुम्ही घालवू नका.

मग तपासण्या. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. डॉक्टरांना गरज वाटली तर थायरॉइड. सोनोग्राफी, आणि दिवस राहण्याची थोडीही शक्यता असेल तर ती चाचणी आधी. तांबी बसवलेली असेल तर सांगा, तांब्याच्या तांबीनेही जास्त जाऊ शकतं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा. मुलीला पहिल्या पाळीपासूनच फार जात असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, जरा लागलं की काळंनिळं होत असेल, तर रक्त गोठण्याचा दोष आहे का ते तपासायला सांगा. पंचेचाळिशीनंतर, किंवा वजन आणि साखर जास्त असेल तर त्याआधीही, पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासतात. त्याला टाळाटाळ करू नका, कर्करोग नाही ना हे त्यातूनच कळतं.

मी पहिल्यांदा दाखवलं तिथे पाच मिनिटांत उत्तर मिळालं, "मुलं झालीत ना? मग काढून टाका पिशवी." मी पैशांची जुळवाजुळवसुद्धा सुरू केली होती. जाऊबाईंनी अडवलं, "आणखी एका ठिकाणी दाखवू, मग ठरवा." दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी समोर धरून दाखवलं: पिशवीची भिंत जाड झालेली, याला अ‍ॅडेनोमायोसिस म्हणतात. अस्तराचा तुकडा तपासला, तो चांगला निघाला. मग त्यांनी साध्यापासून मोठ्यापर्यंत सगळे उपचार सांगितले.

सगळ्यात साधी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची गोळी. हार्मोन नाही, फक्त जास्त जायच्या तीन-चार दिवसांतच घ्यायची. जाणं जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतं. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गाठ झाली असेल तर ही गोळी चालत नाही, ते आधीच सांगा. पोटही दुखत असेल तर मेफेनॅमिक अ‍ॅसिड देतात, ती जेवणानंतर घ्यायची. अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी नाही.

गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायची गोळी सगळ्यांना माहीत आहे. नॉरएथिस्टेरॉन. तीच गोळी ठरलेल्या दिवसांत, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेतली की रक्तस्राव आवरतो. पण मेडिकलमधून आपल्या मनाने आणून घेऊ नका. गर्भनिरोधक गोळ्यांचाही उपयोग होतो, मात्र रक्तदाब असेल, पस्तिशीनंतर धूम्रपान असेल किंवा डोळ्यांपुढे झगमग होऊन अर्धशिशी उठत असेल तर त्या नकोत. सरकारी दवाखान्यात 'छाया' नावाने मिळते ती ऑर्मेलॉक्सिफेन. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, हार्मोन नसलेली गर्भनिरोधक गोळी. जास्त जाण्यावरही डॉक्टर ती देतात, पण त्याचे डोस वेगळे असतात.

मला लागू पडली ती हार्मोनची तांबी. म्हणायला तांबी, पण तांबं नसतं त्यात. 52 मिलिग्रॅम औषध असतं, ते पिशवीच्या आतच थोडं थोडं सुटतं, अस्तर पातळ राहतं. बसवताना कळ आली, दहा मिनिटांत झालं. नंतर चार महिने रोज थोडं थोडं डागायचं, मी वैतागून काढायला निघाले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा महिने धीर धरा. पाचव्या महिन्यात कालनिर्णयवर दोनच रेघा होत्या. खर्च एकदाच होतो आणि पाच वर्षं निघतात. पिशवीत मोठ्या गाठी असतील तर ती निसटू शकते, म्हणून आधी सोनोग्राफी.

गाठी असतील तर नुसत्या गाठी काढता येतात. मोठ्या शहरांत गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपचारही होतो. अस्तर जाळण्याची प्रक्रिया आहे, पण पुढे मूल नको असेल तरच, कारण त्यानंतर दिवस राहिले तर धोका असतो.

आणि पिशवी काढणं. कधी कधी तेच योग्य असतं, माझ्या मावसबहिणीचं तसंच झालं आणि ती सुखी आहे. पण 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या जात होत्या हे सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. पाळीत खाडा झाला की दंड, म्हणून तिशीतल्या बायका ऑपरेशन करून घेत होत्या. म्हणून हे प्रश्न विचाराच: माझं निदान काय? औषध किंवा तांबी आधी का नको? अंडाशय ठेवणार ना? पंचेचाळिशीच्या आत अंडाशय काढली की पाळी एकदम थांबते, हाडं ठिसूळ होतात, हृदयालाही धोका वाढतो. कागदावर सही करण्याआधी हे उत्तर हातात असू द्या.

कुठलाही उपचार घ्या, लोह कमी असेल तर लोहाची गोळी त्याच्याबरोबर हवीच. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा आणि दूध तासभर लांब. शौच काळी होते, घाबरू नका. हिमोग्लोबिन 12 च्या वर गेल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवा, साठा भरायचा असतो. मला गोळी सोसेना, म्हणून सलाइनमधून लोह दिलं. तीन आठवड्यांत जिना चढताना धाप लागायची थांबली, आणि खडू परत डब्यात गेला.

तासाला एक पॅड असं दोन तासांहून जास्त चाललं, डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा दिवस गेलेले असण्याची शक्यता असताना रक्त जात असेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखान्यात जा. आणि पाळी वर्षभर बंद असून पुन्हा थेंबभर जरी दिसलं, तर त्याच आठवड्यात दाखवा.