'विधेयक मंजूर' अशी बातमी आली की नेमकं काय काय तपासायचं

दर अधिवेशनात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकदा तरी हे होतंच, कुणीतरी टीव्हीचा स्क्रीनशॉट टाकतं, खाली लाल पट्टीत 'विधेयक मंजूर', आणि पाच मिनिटांत सेक्रेटरीकाका नोटीस टाइप करायला घेतात की उद्यापासून नवीन कायदा लागू. एकदा तर ती नोटीस लिफ्टमध्ये चिकटवून झाली होती. तेव्हा म्हटलं एकदाच नीट लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल. हे सगळं आपल्या महाराष्ट्र विधानमंडळाबद्दल आहे, विधानसभा २८८ आणि विधान परिषद ७८, दोन सभागृहं. सगळ्या राज्यांत परिषद नसते हे लक्षात असू द्या.

पहिलं काम, मंजूर झालं म्हणजे कुठं झालं ते बघा. बातमीत 'विधानसभेत' लिहिलंय की 'दोन्ही सभागृहांत'? नुसतं विधानसभेत असेल तर अजून अर्धा रस्ता बाकी आहे. लोकायुक्त विधेयक घ्या, विधानसभेनं नागपूरच्या अधिवेशनात डिसेंबर २०२२ मध्ये संमत केलं आणि परिषदेनं डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे हिवाळी ते हिवाळी पूर्ण वर्ष. उलट मराठा आरक्षणाचं विधेयक, २० फेब्रुवारी २०२४, विशेष अधिवेशन, एकाच दिवसात दोन्हीकडून एकमतानं पास. मनात आलं तर एक दिवस पुरतो, नाही आलं तर वर्षही पुरत नाही.

आता सभागृहातला शेवटचा टप्पा, म्हणजे तिसरं वाचन (विधेयकाच्या टप्प्यांना वाचन म्हणतात). लाइव्ह बघायचं असेल तर यूट्यूबवर कामकाज चालू असतं, पण चहा आणायला उठलात तर हुकणार, कारण हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं. आधी दुसऱ्या वाचनात चर्चा होते, मग खंड, म्हणजे विधेयकातली कलमं, एकेक करून किंवा गठ्ठ्यानं मतास टाकतात, खंड २ ते अमुक विधेयकाचा भाग झाले वगैरे, मग खंड १ आणि नाव. ते झालं की मंत्री उभे राहून म्हणतात की विधेयक संमत करण्यात यावे. मग अध्यक्ष भरभर म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत, होयचे बहुमत, विधेयक संमत झाले आहे. झालं! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं आपला व्हिडिओ अडकला की काय.

हे आवाजी मतदान. कुणी किती मोठ्यानं ओरडलं ते कुणी मोजत नाही, अध्यक्षांना जे वाटलं ते. विरोधकांना ते मान्य नसेल तर पोल मागायचा, मग मतविभाजन होऊन आकडे नोंदवले जातात. पण सरकारकडे भक्कम बहुमत असताना पोल मागून आपलाच कमी आकडा रेकॉर्डवर आणायची हौस कुणाला नसते, म्हणून बहुतेक वेळा सभात्याग करतात, घोषणा देत बाहेर, पायऱ्यांवर कॅमेरे तयारच. त्यामुळे कुठल्या आमदारानं काय मत दिलं हे शोधायला गेलात तर बऱ्याचदा हाती काहीच लागत नाही. माझी वैयक्तिक तक्रार आहे ही, आपल्या आमदाराचं मत कळायलाच हवं की नाही?

बहुमत म्हणजे तरी कशाचं, तर हजर राहून मत देणाऱ्यांचं, एकूण सदस्यांचं नाही. आणि कोरम, म्हणजे सभागृहात किमान हजेरी, एक दशांश किंवा दहा, यातलं जे जास्त असेल ते, म्हणजे विधानसभेत २९ आणि परिषदेत १०. २९ जण बसलेत आणि पंधरा 'होय' म्हणाले तरी कायदेशीरच. समसमान मतं पडली तर अध्यक्षांचं निर्णायक मत.

तिसऱ्या वाचनात खरे बदल होत नाहीत, तिथं फार तर शब्दांची, आकड्यांची किरकोळ दुरुस्ती चालते. म्हणून विधेयकात काय बदललं हे शोधायचं असेल तर त्याच्या आधी जा. विशेष जनसुरक्षा विधेयक हे एकदम चांगलं उदाहरण आहे, मी त्याचे दोन्ही मसुदे प्रिंट काढून शेजारी शेजारी ठेवले होते. जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा मांडलं, मग निवडणूक आली, विधानसभा विसर्जित, विधेयक बाद. विधानसभेत पडून असलेलं किंवा विधानसभेनं पास करून परिषदेत पडून असलेलं विधेयक विसर्जनाबरोबर संपतं, परत पहिल्यापासून. डिसेंबर २०२४ ला नागपूरला पुन्हा मांडलं, चंद्रशेखर बावनकुळेंच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समितीकडे गेलं, लोकांच्या बारा हजारांवर सूचना आल्या. समितीनं 'व्यक्ती आणि संघटना' यावरून रोख कडव्या डाव्या विचारसरणीच्या आणि तशा संघटनांकडे वळवला, तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा दर्जा वाढवला. १० जुलै २०२५ ला विधानसभेत आवाजी मतदानानं पास, दुसऱ्या दिवशी परिषदेत, तिथं विरोधकांचा सभात्याग. बदल तुम्हाला पटोत न पटोत, ते झाले समितीत, 'होयचे बहुमत' वाल्या अर्ध्या मिनिटात नाही. म्हणून वेबसाईटवर विधेयक शोधताना तीन कागद काढा, मूळ विधेयक, समितीचा अहवाल, आणि 'विधानसभेने संमत केल्याप्रमाणे' असं लिहिलेली प्रत. चर्चा करायची ती तिसऱ्या कागदावर. लोक पहिल्या कागदावर भांडतात.

परिषदेनं अडवलं तर काय? संसदेसारखी संयुक्त बैठक राज्यात नसते, हे खूप जणांना माहीत नसतं, परीक्षा देणारी पोरंसुद्धा चुकतात. परिषद पहिल्यांदा तीन महिने लांबवू शकते, मग विधानसभेनं परत पास केलं की आणखी एक महिना, बास, त्यानंतर दोन्हींनी संमत केलं असंच धरतात. धनविधेयकाला, म्हणजे कर किंवा सरकारी पैशाबद्दलच्या विधेयकाला, तर फक्त १४ दिवस, आणि ते धनविधेयक आहे की नाही हे विधानसभेचे अध्यक्ष ठरवतात. पण हे हत्यार कुणीतरी उचललं तरच चालतं. जादूटोणाविरोधी विधेयक २००५ मध्ये विधानसभेनं पास केलं होतं, परिषदेत जे अडकलं ते २००९ ला विधानसभेबरोबरच गेलं. पुढं ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. दाभोलकरांचा खून झाला, मग घाईनं अध्यादेश, म्हणजे अधिवेशन नसताना काढतात तो तात्पुरता कायदा, निघाला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा पास केला. अध्यादेश अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत विरतो, म्हणून नागपूरला ती धावपळ.

दोन्हीकडून पास झालं तरी सेक्रेटरीकाकांनी थांबायचंच आहे, कारण आता फाईल राज्यपालांकडे. संविधानाचा अनुच्छेद २०० वाचा, छोटाच आहे. राज्यपाल संमती देतील, किंवा ती रोखून विधेयक फेरविचाराला परत पाठवतील, किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतील. परत पाठवलेलं सभागृहानं पुन्हा पास केलं तर संमती रोखता येत नाही. धनविधेयक परत पाठवता येत नाही. मुदत किती? आकडा लिहिलेलाच नाही. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी मुदती घालून दिल्या होत्या, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच जणांच्या घटनापीठानं मत दिलं की कोर्टानं अशी ठरावीक मुदत घालता येत नाही आणि संमती मिळाली असं गृहीतही धरता येत नाही, अगदीच कारण नसताना फाईल अडवून ठेवली तर मात्र कोर्ट मर्यादित दखल घेऊ शकतं.

राष्ट्रपतींकडे गेलं की मग देवावर हवाला. केंद्राच्या कायद्याशी टक्कर होईल असं विधेयक असेल तर ते सहसा तिकडं जातं. महिलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत पास झालं, पेढे वाटून झाले, आणि ते दिल्लीत अडकलं. आणि गोवंश हत्याबंदीचं विधेयक तर १९९५ चं, त्याला राष्ट्रपतींची संमती आली २०१५ ला! तेव्हा जन्मलेलं पोरगं कॉलेजात गेलं.

संमती आली की राजपत्रात छापतात, 'विधेयक' शब्द जाऊन 'अधिनियम' येतो आणि सन अमुकचा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक तमुक असा नंबर पडतो. तो नंबर नसेल तर कायदा नाही, एवढं सोपं आहे. पण थांबा, आता कलम १ उघडा, त्याचं शेवटचं वाक्य. तिथं 'ताबडतोब अंमलात येईल' असू शकतं, किंवा 'राज्य शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नियत करील अशा दिनांकास अंमलात येईल' असं असू शकतं. दुसरं असेल तर कायदा झालाय पण चालू झालेला नाही, अजून एका अधिसूचनेची वाट बघायची. शिवाय आतमध्ये जागोजागी 'विहित करण्यात येईल अशा रीतीने' असतं, म्हणजे फॉर्म कुठला, फी किती, अर्ज कुणाकडे, हे सगळं नियमांत येणार, आणि नियम नंतर निघतात.

काकांच्या त्या नोटिशीतला कायदा तेव्हा फक्त विधानसभेत पास झाला होता. नोटीस मी काढायला लावली, चिकटपट्टीचा डाग अजून लिफ्टमध्ये आहे.